रिकाम्या स्टेशनाचा खर्च कोणी सोसायचा?

जपानमधल्या त्या शाळकरी मुलीची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. होक्काइडो बेटावरचं बर्फात बुडालेलं एवढंसं स्टेशन, तिथून शाळेला जाणारी एकच मुलगी, आणि तिचं शिक्षण संपेपर्यंत ते स्टेशन चालू ठेवणारी रेल्वे. २०१६ च्या जानेवारीत ही गोष्ट जगभर पसरली आणि अजूनही अधूनमधून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन जाते. खाली कुणीतरी लिहितं, 'याला म्हणतात सरकार.' वाचून डोळे पाणावतात, आपण ती पुढे पाठवतो आणि विषय तिथेच संपतो.

माझं म्हणणं असं की विषय खरं तर तिथे सुरू व्हायला हवा.

स्टेशनाचं नाव होतं क्यू-शिराताकी. सेकिहोकु मार्गावरचं, एन्गारू गावाच्या हद्दीतलं. फिरत्या मजकुरात बहुतेक वेळा शेजारच्या कामी-शिराताकीचं नाव आणि फोटो असतो, तिथूनच चुकीला सुरुवात होते. मुलगी खरी होती, ती रोज एन्गारूच्या शाळेत जायची, हेही खरं. पण वेळापत्रक खास तिच्यासाठी आखलेलं नव्हतं आणि त्या गाडीने इतर विद्यार्थीही जात असत. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि रेल्वेचं नवं वेळापत्रकही मार्चमध्येच लागू होतं. दोन्ही तारखा जुळल्या. गोड अर्थ लावायला तेवढं पुरलं.

त्या गोष्टीत कधीच न येणारी माहिती मला जास्त महत्त्वाची वाटते. क्यू-शिराताकी बंद झालं २६ मार्च २०१६ या दिवशी. त्याच्याबरोबर कामी-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही दोन शेजारची स्टेशनंही गेली. आणि नेमक्या त्याच दिवशी होक्काइडो शिंकान्सेन सुरू झाली, शिन-आओमोरीपासून शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत, सुमारे १४९ किलोमीटर. कंपनी एकच, जेआर होक्काइडो (सरकारी रेल्वे मोडून झालेल्या जेआर कंपन्यांपैकी या बेटावरची). वेळापत्रकाचा बदलही एकच. एका पानावर बुलेट ट्रेनचं आगमन आणि दुसऱ्या पानावर खेड्यातल्या स्टेशनांची नावं खोडलेली. जगाने या दिवसातून एक मुलगी तेवढी उचलली. कुठल्या स्टेशनाला पैसा मिळतो, कुठल्याला मिळत नाही आणि हे कोण ठरवतं, हा प्रश्न मागेच राहिला.

जपानमधल्या लहान, बिनकर्मचारी स्टेशनांविषयी लिहायचं ते याच प्रश्नासाठी. ही स्टेशनं म्हणजे काही मूठभर अपवाद नाहीत. जपान सरकारच्या वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २००१-०२ च्या अखेरीस देशातल्या ९,५१४ स्टेशनांपैकी ४,१२० ठिकाणी एकही कर्मचारी नव्हता. २०१९-२० च्या अखेरीस एकूण स्टेशनं थोडी कमी होऊन ९,४६५ झाली, पण बिनकर्मचारी स्टेशनं वाढून ४,५६४ वर गेली. म्हणजे ४८ टक्के. ज्या देशाच्या रेल्वेचं नाव जगभर शिस्तीसाठी आणि सेवेसाठी घेतलं जातं, तिथलं जवळजवळ प्रत्येक दुसरं स्टेशन माणसाविना चालतं.

असं स्टेशन चालतं कसं, ते नीट बघण्यासारखं आहे. गाडी एक-दोन डब्यांची, बहुतेक डिझेलवर चालणारी. गार्ड नाही, सगळा कारभार ड्रायव्हरकडे. मागच्या दाराने चढायचं, दाराजवळच्या यंत्रातून एक चिठ्ठी ओढून घ्यायची. तिच्यावर एक आकडा असतो, तो तुम्ही चढलात त्या स्टेशनाचा. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो. गाडी पुढे जाईल तसे त्यावरच्या प्रत्येक आकड्याखालचे येन वाढत जातात. उतरायचं पुढच्या दाराने. चिठ्ठी आणि सुटे पैसे ड्रायव्हरशेजारच्या पेटीत टाकायचे, तो नजर टाकून मान हलवतो, तुम्ही फलाटावर. तिकीट खिडकी नाही, तपासनीस नाही, हमाल नाही. फलाटावर एक खोली, आत बाकावर गावकऱ्यांनी आणून ठेवलेल्या बसायच्या गाद्या, एखादी वही ज्यात येणारे-जाणारे चार ओळी लिहितात, कोपऱ्यात बर्फ ओढायचं फावडं. होक्काइडोत काही ठिकाणी तर ही खोली म्हणजे मालगाडीच्या गार्डाचा जुना डबा, चाकं काढून जमिनीवर ठेवलेला. १९८० च्या दशकात मालगाड्यांना गार्डाचे डबे लागेनासे झाले आणि मोडकळीला आलेल्या लाकडी इमारतींच्या जागी ते बसवले गेले.

ही स्टेशनं आळसातून किंवा दुर्लक्षातून रिकामी झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी प्रत्येक क्रॉसिंगच्या स्टेशनावर माणूस लागायचा. तो टोकन द्यायचा-घ्यायचा, पॉइंट आणि सिग्नल सांभाळायचा. शिवाय पार्सल, धान्य, कोळसा, लाकूड यांची चढउतार असायची. मग एकाच नियंत्रण कक्षातून संपूर्ण मार्गाचे सिग्नल हलवता येऊ लागले. ट्रक आले आणि लहान स्टेशनांवरची मालवाहतूक आटली. १९८४ मध्ये जपानच्या सरकारी रेल्वेने लहान-लहान यार्डांतून वाघिणी जोडत नेण्याची पद्धतच बंद केली. स्टेशनमास्तरच्या हातातलं काम एकेक करून सुटत गेलं आणि शेवटी उरलं ते तिकीट फाडणं. तेवढ्यासाठी तीन पाळ्यांत माणसं ठेवणं परवडत नाही हा हिशेब त्या वेळी चुकीचा नव्हता, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन.

पण स्टेशनवरच्या माणसाकडे कागदावर नसलेलीही कामं असतात. फलाटाच्या कडेला गेलेल्या म्हाताऱ्याला हाक मारणं. गाडी का थांबली आहे ते सांगणं. डोळ्यांनी अधू असलेल्या बाईला दारापर्यंत नेणं. व्हीलचेअरसाठी फलाट आणि डबा यांच्यामध्ये फळी टाकणं. माणूस काढताना ही कामं कुठल्याच तक्त्यात मांडली गेली नाहीत, कारण त्यांतून कंपनीला एक येनही मिळत नव्हता. ज्यांना त्यांची गरज होती त्यांना मात्र फरक पहिल्या दिवशी कळला.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये क्यूशू बेटावरच्या ओइता इथल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या काही प्रवाशांनी जेआर क्यूशूवर दावा दाखल केला. स्टेशनवरून कर्मचारी काढल्यामुळे आमचं हिंडण्याफिरण्याचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. गाडी पकडायची तर आधी फोन करून कळवायचं, मग कंपनी कुठूनतरी माणूस पाठवणार. चालत्या पायांच्या माणसाला मनात येईल तेव्हा घराबाहेर पडता येतं, आम्ही मात्र प्रवासाची परवानगी मागत बसायचं, ही त्यांची तक्रार होती. मला ती पूर्णपणे रास्त वाटते. आजारी आईला भेटायला निघणारा माणूस आदल्या दिवशी ठरवून निघत नाही.

पुढच्याच वर्षी वसंतात शिझुओका प्रांतातल्या किनोमिया स्टेशनाचं प्रकरण गाजलं. आतामीशेजारचं हे बिनकर्मचारी स्टेशन, जिना आहे, लिफ्ट नाही. व्हीलचेअरवरून प्रवास करणाऱ्या एका लेखिकेला तिथे उतरायचं होतं. आधी तिला तिथे सोय नाही असं सांगण्यात आलं. बरीच बोलाचाली झाल्यावर आतामीचे कर्मचारी बरोबर आले आणि त्यांनी खुर्ची उचलून जिन्यावरून नेली. तिने हा अनुभव लिहिला आणि समाजमाध्यमांवर तिच्यावरच टीकेचा भडिमार झाला. आधी कळवलं का नाहीस, कर्मचाऱ्यांना त्रास का दिलास. त्या टीकेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की माणूस काढून घेण्याचा निर्णय कंपनीचा होता, पण त्याची लाज वाटून घ्यायची अपेक्षा मात्र प्रवाशाकडून होती. जपानच्या नियमांनुसार लिफ्ट आणि उतार यांची सोय करण्याचा आग्रह मुख्यतः रोज ३,००० हून अधिक प्रवासी असलेल्या स्टेशनांसाठी धरला जातो, अलीकडे काही ठराविक भागांत २,००० हून अधिक. म्हणजे जिथे प्रवासी कमी तिथे लिफ्टही नाही आणि माणूसही नाही. लहान स्टेशनावर दोन्ही बाजूंनी कात्री लागते.

वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कर्मचारी काढलेल्या स्टेशनांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अपंगांच्या संघटनांना चर्चेत घेतलं, हे चांगलं झालं. कॅमेरे असावेत, बोलता येईल असं यंत्र असावं, गरज पडेल तेव्हा माणूस पाठवता यावा, अशा गोष्टी त्यात आहेत. पण मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कायदा नव्हे. पाळलं तर उत्तम, नाही पाळलं तर कंपनीला विचारणारं कुणी नाही.

गरिबांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वाटेवरची सोय अशी थोडी थोडी करून काढली जाते. जेआर ईस्टने २०२१ मध्ये आपल्या सुमारे ५०० स्टेशनांवरची घड्याळं दहाएक वर्षांत उतरवायचं ठरवलं. प्रत्येकाच्या हातात आता मोबाइल आहे, हे कारण. त्याच वर्षी त्या कंपनीने माणूस बसलेल्या आरक्षण खिडक्या ४४० वरून १४० वर आणायची योजना मांडली. खिडक्यांसमोर एवढ्या रांगा लागल्या आणि एवढी ओरड झाली की मे २०२४ मध्ये ती योजना थांबवावी लागली. खिडक्यांची योजना थांबली कारण त्रास शहरातल्यांनाही झाला. खेड्यातलं घड्याळ उतरवलं तर कोण ओरडणार? ऐंशी वर्षांच्या आजीबाई गाडीची वेळ झाली का ते बघायला मोबाइल शोधत बसतील, एवढंच.

आता पैशाचं बघू, कारण कंपन्यांची बाजू पैशाचीच आहे आणि ती पोकळ नाही. जेआर वेस्टने गेल्या काही वर्षांत आपल्या तोट्यातल्या मार्गांचे आकडे जाहीर केले. त्यात हिरोशिमा भागातल्या गेइबी मार्गाच्या तोजो ते बिंगो-ओचिआई या तुकड्याचा आकडा सर्वांच्या तोंडी झाला: २०१७ ते २०१९ च्या सरासरीने १०० येन मिळवायला २५,४१६ येन खर्च. २०१९ मध्ये त्या तुकड्यावर रोजची सरासरी प्रवासी घनता, म्हणजे दर किलोमीटरमागे दिवसाला सरासरी प्रवासी, होती ११. हा आकडा वाचून मीही थबकते. अकरा माणसांसाठी रूळ, पूल, बोगदे आणि दरडींवरची जाळी राखायची, हे कुणालाही जड वाटेल.

तरीही हा हिशेब मांडण्याची पद्धतच मला मान्य नाही. १०० येन कमवायला किती खर्च, हा प्रश्न रस्त्याला कुणी विचारत नाही. त्याच दरीतून रेल्वेला समांतर जाणारा डांबरी रस्ता असतो, त्याचे पूल, बोगदे, दरडींच्या भिंती, हिवाळ्यातलं बर्फ काढणं, सगळं करदात्याच्या पैशातून होतं. त्या रस्त्यावरून रोज किती गाड्या गेल्या आणि प्रत्येकीमागे किती तोटा झाला, याचं पत्रक कुणी वर्तमानपत्रात छापत नाही. रस्ता ही सार्वजनिक सोय आणि रेल्वे हा धंदा, ही फारकत निसर्गाने केलेली नाही. ती १ एप्रिल १९८७ ला कायद्याने केली गेली.

त्या दिवशी जपानची सरकारी रेल्वे मोडून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी झाली. तेव्हा डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं. त्याआधीच, १९८० च्या कायद्याखाली, तोट्यातले ८३ मार्ग वेगळे काढून काही बंद करण्यात आले, काहींवर बस आल्या, काही स्थानिक कंपन्यांकडे गेले. तोक्यो ते ओसाकासारखे भरघोस कमाईचे मार्ग होन्शू या मुख्य बेटावरच्या तीन कंपन्यांच्या वाट्याला आले. होक्काइडो, शिकोकू आणि क्यूशू या बेटांना तोटा होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना एकेक निधी देण्यात आला. होक्काइडोचा निधी होता ६८,२२० कोटी येनचा. त्याच्या व्याजातून तोटा भरून निघेल अशी कल्पना होती, आणि गृहीत धरलेला व्याजदर होता सात टक्क्यांहून थोडा वरचा. मग १९९० च्या दशकात जपानमधले व्याजदर कोसळले आणि वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास राहिले. ज्या आधारावर खेड्यातल्या स्टेशनांचं आयुष्य टांगलं होतं तो आधारच गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये जेआर होक्काइडोने जाहीर केलं की आपल्या निम्म्याच्या आसपास मार्ग, सुमारे १,२३७ किलोमीटर, एकट्याने चालवणं शक्य नाही.

खेडी ओस पडली म्हणून गाड्या रिकाम्या झाल्या, हे अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं या वाटणीत आहे. गावात माणसं राहिली असती तरी व्याज राहिलं नव्हतं. पण स्टेशन बंद करण्याची नोटीस लागते तेव्हा तिच्यावर प्रवासी किती हे लिहिलेलं असतं, व्याजदराचा उल्लेख नसतो. एका राष्ट्रीय निर्णयाची जबाबदारी दोनशे घरांच्या गावावर ढकलली जाते आणि गावही ती मुकाट्याने घेतं: आपणच गाडीने जात नव्हतो ना.

मग बिल गावाकडे येतं. प्रशांत महासागराच्या बाजूला, दोन बोगद्यांच्या मधल्या बेचक्यात कोबोरो नावाचं स्टेशन आहे. रस्ता नाही, वस्ती नाही. जेआर होक्काइडोला ते बंद करायचं होतं. तोयोउरा या लहानशा गावाने पर्यटनासाठी देखभालीचा खर्च उचलला आणि २०१६ पासून ते चालू ठेवलं. होक्काइडोतल्या आणखी बऱ्याच स्टेशनांच्या बाबतीत मग हाच पायंडा पडला: ठेवायचं असेल तर नगरपालिकेने खर्च द्यावा. वाक्कानाई शहराने काही वर्षं बाक्काई स्टेशन असं सांभाळलं. जपानच्या उत्तर टोकाजवळचं ते लाकडी इमारतीचं स्टेशन शेवटी मार्च २०२५ मध्ये बंद झालं. त्याच वेळी देशातलं सर्वांत पूर्वेचं स्टेशन हिगाशी-नेमुरोही गेलं.

कोबोरो कुणाच्या रोजच्या गरजेचं नाही, आणि ते बंद झालं असतं तर मी विरोध केला नसता. जिथे खरोखरच कुणी राहत नाही तिथलं स्टेशन भावनेपोटी जिवंत ठेवायचा माझा आग्रह नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या गावाच्या तिजोरीत सगळ्यात कमी पैसा आहे त्यानेच राष्ट्रीय रेल्वेचं एक टोक पोसावं, आणि पोसता आलं नाही की दोषही त्याच्याच माथी, ही व्यवस्था अन्यायाची आहे. तिच्यात पर्यटक आणणारं स्टेशन जगतं आणि दहा विद्यार्थ्यांना शाळेत नेणारं मरतं, कारण विद्यार्थी फोटो काढायला येत नाहीत.

'बस आहे ना' हे उत्तर नेहमी दिलं जातं. काही ठिकाणी ते बरोबरही आहे. बस गावात शिरते, इस्पितळाच्या दारात थांबते. पण बस चालवायला माणूस लागतो आणि जपानमध्ये तोच मिळेनासा झाला आहे. एप्रिल २०२४ पासून चालकांच्या कामाच्या तासांवर कडक मर्यादा आल्या, ज्या हव्याच होत्या, पण त्याने टंचाई आणखी उघडी पडली. ओसाका प्रांतात, म्हणजे देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या महानगराच्या कुशीत, कोंगो नावाच्या बस कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपली सगळी बससेवा बंद केली. मुख्य कारण चालकांची टंचाई. ओसाकाजवळ ही गत असेल तर होक्काइडोच्या आतल्या भागात रेल्वेच्या बदली आलेली बस किती वर्षं टिकेल? रूळ एकदा उखडले की परत टाकले जात नाहीत. बसचा थांबा एका नोटिशीने नाहीसा होतो.

मांजरीची गोष्टही इथेच सांगायला हवी. वाकायामातल्या किशी स्टेशनावरची तामा नावाची मांजर जानेवारी २००७ मध्ये स्टेशनमास्तर झाली, डोक्यावर टोपी घालून बसली, आणि तिला बघायला लोक लोटले. ती २०१५ मध्ये गेली, तोवर जगभर प्रसिद्ध झाली होती. स्टेशन मांजरीने वाचवलं, असं सगळे म्हणतात. मला तामाविषयी ममताच आहे, तिने प्रवासी आणले यात शंका नाही. पण किशीगावा मार्ग ती येण्याआधीच वाचला होता. नानकाई कंपनीने तो सोडायचं ठरवल्यावर रहिवासी एकत्र आले, प्रांताने जमिनीच्या खरेदीचा खर्च उचलला, आणि वाकायामा शहर व किशीगावा या स्थानिक संस्थांनी दहा वर्षांत ८२ कोटी येनपर्यंतचा तोटा भरून देण्याची हमी घेतली. त्या हमीवर १ एप्रिल २००६ ला नवी कंपनी उभी राहिली. किशी स्टेशनावरचे कर्मचारी त्याच वेळी काढले गेले, म्हणून तर तिथली खुर्ची मांजरीसाठी मोकळी झाली. शाळकरी मुलीच्या गोष्टीत कंपनीचा मायाळूपणा दिसतो, मांजरीच्या गोष्टीत तिची कल्पकता. सार्वजनिक पैसा दोन्हींत गाळला जातो. लोकांना वाटतं अशी स्टेशनं मायेवर आणि युक्तीवर चालतात, आणि मग अनुदानाची मागणी करणारं गाव हट्टी ठरतं.

आपल्याला याच्याशी काय करायचं आहे, असं कुणी विचारेल. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानी कर्जातून आणि शिंकान्सेनच्या तंत्रावर उभी राहते आहे, बीकेसी, ठाणे, विरार आणि बोईसर ही तिची महाराष्ट्रातली स्टेशनं. जपानकडून आपण वेग घेतो आहोत, तेव्हा त्या वेगाच्या शेजारी लहान स्टेशनांचं तिथे काय झालं हेही समजून घेणं आपलं काम आहे. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांचे लहान थांबे गेले तेव्हा आपल्याकडे किती गावांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली, ते आठवून पाहा. आणि एक गोष्ट आपल्याकडेही आहे जिचं मोल आपण ओळखत नाही. आपल्या हॉल्ट स्टेशनांवर रेल्वेचा कर्मचारी नसतो, पण अनेक ठिकाणी कमिशनवर तिकिटं विकणारा गावातलाच माणूस असतो. त्याला मिळकत तुटपुंजी, हुद्दा नाही. तरी गाडी उशिरा आहे का, हे त्याला विचारता येतं.

जपानमध्येही हा मार्ग आहे आणि मला त्यातच आशा दिसते. चिबा प्रांतातल्या उचिबो मार्गावर एमी नावाचं स्टेशन आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथलं टपाल कार्यालय स्टेशनाच्या जागेत आलं आणि टपाल कर्मचारीच रेल्वेच्या खिडकीचं काम पाहू लागले. पत्र टाकायला आलेल्या आजोबांना तिकीट तिथेच मिळतं. कंपनीला पूर्ण पगाराचा माणूस परवडत नव्हता, टपाल खात्याला गावात एक खिडकी ठेवायचीच होती. ह्योगो प्रांतातल्या होजो रेल्वेवर स्वयंसेवक स्टेशनमास्तर आहेत. होक्केगुची स्टेशनात तांदळाच्या पिठाच्या पावाचं दुकान निघालं. पूर्ण वेळचा रेल्वे कर्मचारी परत आणा, अशी माझी मागणी नाही. फलाटाकडे लक्ष ठेवणारा, फळी टाकायला शिकलेला, त्या कामाचे पैसे मिळणारा कुणीतरी माणूस हवा. तो टपालवाला असो, पाववाला असो की निवृत्त शिक्षक. मात्र हे स्वयंसेवेच्या उत्साहावर सोडून चालणार नाही. स्वयंसेवकही म्हातारे होतात. त्याचा मोबदला नियमाने ठरलेला हवा.

रुळांचा खर्च कोणी करायचा याचंही उत्तर जपानने स्वतःच शोधून ठेवलं आहे. जुलै २०११ च्या अतिवृष्टीत फुकुशिमातल्या तादामी मार्गाचे पूल वाहून गेले. जेआर ईस्टचा कल बसकडे होता. गावं आणि प्रांत अडून बसले. सुमारे ९०० कोटी येन खर्चून आइझू-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा १ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे अकरा वर्षांनी, पुन्हा सुरू झाला. आता तिथले रूळ आणि पूल फुकुशिमा प्रांताच्या मालकीचे आहेत आणि जेआर त्यांच्यावरून गाड्या चालवते. रस्ता सरकारचा, गाडी कंपनीची, हा साधा विचार. मात्र त्याचा भार एकट्या प्रांतावर पडू नये, राष्ट्रीय तिजोरीने त्यात ठरलेला वाटा घ्यावा. १९८७ ची वाटणी राष्ट्राने केली होती, तेव्हा तिची दुरुस्तीही राष्ट्राचीच जबाबदारी ठरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा बदलून अशा मार्गांसाठी केंद्र सरकारच्या मध्यस्थीने चर्चा करण्याची सोय झाली, आणि मार्च २०२४ मध्ये गेइबी मार्गासाठी पहिली बैठकही बसली. त्या टेबलावर २५,४१६ येनच्या शेजारी त्या दरीतल्या समांतर रस्त्याचा वार्षिक खर्चही मांडला जावा, एवढी तरी मागणी गावांनी लावून धरायला हवी.

आणि माणूस काढण्याविषयी कायदा हवा. २००० सालच्या बदलानंतर जपानमध्ये रेल्वेमार्ग बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही, वर्षभर आधी सूचना दिली की पुरतं. स्टेशनवरचे कर्मचारी काढायला तर तेवढंही बंधन नाही, तो कंपनीचा अंतर्गत निर्णय समजला जातो. माझ्या मते तो अंतर्गत नाही. कर्मचारी काढण्याआधी किमान वर्षभराची जाहीर सूचना, त्या स्टेशनावर येणाऱ्या अपंग आणि वृद्ध प्रवाशांची सुनावणी, आणि त्यांच्यासाठी फलाटावर कोण उभं राहणार त्याचं नाव-गाव ठरल्याशिवाय निर्णय अमलात न येणं, या तीन अटी थेट कायद्यात घालाव्यात. ओइताच्या प्रवाशांना कोर्टाची पायरी चढावी लागली ती नेमकी या अटी कुठेच लिहिलेल्या नव्हत्या म्हणून.